बरी झालीस ना, मग अजून तपासणी कशाला?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एव्हाना तोंडपाठ व्हायला हवं होतं. लहानपणी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. उपचार झाले, औषधं थांबली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी दरवर्षी मी सुट्टी टाकून तपासणीला जाते. ‘काही लपवतेयस का?’ असं तोंडावर कोणी म्हणत नाही, पण चेहऱ्यावर ते दिसतंच. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅन्सर परत येईल का, ही धास्ती मुख्यतः पहिल्या काही वर्षांची. आता माझी जी तपासणी होते, ती उपचारांनी मागे काय ठेवलंय ते बघायला.

केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात. पण लहान मुलाचं तरी दुसरं काय चालू असतं? हाडं, दात, मेंदू, सगळं वाढीलाच लागलेलं. केस जाणं, उलट्या होणं सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते संपतंही. काही परिणाम मात्र दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढतात.

माझ्या औषधांत एक लाल रंगाचं होतं, डॉनोरुबिसिन. त्यानं लघवीही लालसर व्हायची आणि मी घाबरायचे, एवढंच मला आठवतं. या गटातली औषधं हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात, आणि तिथल्या मेलेल्या पेशी जवळजवळ भरून येत नाहीत. उरलेला स्नायू सगळं काम ओढत राहतो. धावता येतं, जिने चढता येतात, कोणाला काही कळत नाही. मग कधीतरी तोही थकतो. म्हणून एकूण डोस किती गेला याला फार महत्त्व. याच गटातल्या डॉक्सोरुबिसिन या औषधाच्या हिशेबात शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेला असेल, तर माणूस जास्त धोक्याच्या गटात येतो. त्याहून कमी असला तरी बऱ्याच जणांना ठरावीक वर्षांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची असते. धाप लागायच्या आधीच पंपिंग कमी झालेलं त्यात दिसू शकतं, आणि तेव्हाच औषध सुरू करता येतं. बाईला दिवस जाणार असतील तर आधी किंवा सुरुवातीलाच इको करून घ्यायची, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. हे माहीत नसलेल्या किती जणी असतील, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं.

प्रत्येकाची परिणामांची यादी वेगळी. सिसप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध मिळालेल्या मुलाला आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होऊ शकतात. मग ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटायला लागतात आणि ‘वर्गात लक्ष नसतं’ म्हणून त्यालाच बोलणी बसतात. स्टेरॉइडमुळे हाडं कमजोर होऊ शकतात. काही औषधांमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मुलीच्या छातीला रेडिएशन दिलं असेल, तर स्तनांची तपासणी वयाच्या पंचविशीत किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून सुरू करायला सांगतात. एरवी त्या वयात मॅमोग्राम-एमआरआय कोणाच्या मनातही येणार नाही.

हे सगळं आधीच का कळलं नाही? कारण कळायला मुलं मोठी व्हावी लागतात. १९४८ साली सिडनी फार्बर या अमेरिकन डॉक्टरांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांमध्ये औषधानं तात्पुरता उतार पडल्याचं दाखवलं, तेव्हा तेवढंसुद्धा नवल होतं. आज श्रीमंत देशांत बालकॅन्सरची ८० टक्क्यांहून जास्त मुलं निदानानंतर पाच वर्षं पार करतात. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाचे २००६ मध्ये आलेले आकडे सांगतात, की निदानानंतर तीस वर्षांत यातून वाचलेल्या सुमारे ७३ टक्के जणांना किमान एक तरी दीर्घकाळचा आजार जडतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान बंद करून टाकलं होतं. पण ती मुलं १९७० ते १९८६ दरम्यान निदान झालेली. तेव्हाचे उपचार जास्त कठोर होते. ल्युकेमियात सर्रास दिलं जाणारं डोक्याचं रेडिएशन आता बहुतेक मुलांना द्यावं लागत नाही. शिवाय त्या आकड्यात सौम्य आजारही धरलेत.

माझं खरं भांडण आहे ते फाइलशी. कुठलं औषध, किती, कधी, हे सगळं आईला पाठ. ज्या शरीरात ते गेलं त्या मला काहीच माहीत नव्हतं. अठराच्या आसपास बालविभागाचं दार बंद होतं आणि मोठ्यांच्या डॉक्टरसमोर आपण ‘लहानपणी कॅन्सर झाला होता’ एवढंच सांगू शकतो. त्यांनी त्यावर काय करायचं? आईवडिलांना तो विषय नको असतो, ते मी समजू शकते. ज्याला आठवत नाही त्याला कशाला सांगा, असंही वाटत असेल. पण मूल मोठं झालं की ती माहिती त्याच्या हातात द्यायलाच हवी, या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर उपचार केलेल्या विभागाकडून एक-दोन पानी सारांश मागून घ्या. निदान, औषधांची नावं, त्यांचे एकूण डोस, रेडिएशन कुठे आणि किती, शस्त्रक्रिया कोणती आणि पुढे कुठली तपासणी किती वर्षांनी, हे त्यात लिहिलेलं हवं. फोटो काढून त्या मुलाच्या फोनमध्येही ठेवा. आणि नुसतं रक्त तपासून ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणाले, तर लाल औषध मिळालं असल्यास ते सांगून इकोचं विचारा.