कोरा रकाना आणि कालाहारी

लेकराचा जन्मदाखला आत्ताच्या आत्ता कपाटातून काढा आणि ‘बाळाचे नाव’ हा रकाना बघा. बाकीचं नंतर वाचा. आमचा रकाना तेरा वर्षं कोरा होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

जायचं होतं दक्षिण आफ्रिकेतल्या कालाहारीत. ह्यांना लेखा-मेंढाचं जुनं वेड. गडचिरोलीच्या त्या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा हे मुद्दाम जाऊन राहून आले होते. तसंच काहीतरी वाळवंटात आहे म्हणून ह्यांनी कालाहारीतलं एक लॉज शोधून काढलं. कगालागाडी उद्यानाच्या आत, खोमानी सान आणि मिएर या दोन समाजांच्या मालकीचं. १९३१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि सान लोक आपल्याच भूमीतून बाहेर पडले. १९९९ मध्ये त्यांचा जमिनीचा दावा मान्य झाला. त्या जमिनीवर आता बारा खोल्यांचं हे लॉज आहे. ‘काउस’, म्हणजे त्यांच्या भाषेत काळीज. समोरचं मिठागरासारखं कोरडं तळं त्या आकाराचं आहे म्हणून. नावाच्या सुरुवातीला टाळूला जीभ लावून ‘टक्’ करायचं असतं. बैल हाकताना आपल्याकडे करतात ना, तस्सं.

बुकिंग झालं, तिकिटं झाली, बँकेचे शिक्के झाले. व्हिसाच्या यादीत लेकीसाठी एक ओळ होती: आईवडील दोघांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला. आहे की, म्हटलं. प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. माझं नाव होतं, ह्यांचं होतं, दवाखान्याचंही होतं. लेकीचं नव्हतं. बाळंतपण माहेरी, नागपूरच्या महाल भागात झालेलं. नोंद झाली तेव्हा बारसंच व्हायचं होतं, आणि नंतर नाव घालायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शाळा, आधार, पासपोर्ट, सगळं त्या दाखल्याशिवाय पार पडलं होतं.

कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. नागपुरातलंच.

पहिल्या दिवशी खिडकीतल्या दादांनी दाखला उलटासुलटा करून पाहिला. “म्याडम, नाव तर कोरंच आहे ना जी.” त्यासाठीच आलेय, म्हटलं. अर्ज घ्या, दोघांचं आधार, शाळेचं बोनाफाईड जोडा. दुसऱ्या दिवशी सगळं जोडून नेलं, तर मूळ रजिस्टर दुसऱ्या इमारतीत. तिथे गेले तर रेकॉर्ड बघणारे सुट्टीवर. मार्च संपत आलेला, व्हिसाच्या अपॉइंटमेंटला अठरा दिवस. बाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे घेतले आणि ते न खाताच उभी राहिले, इतका संताप झाला होता. आईला फोन केला तर ती म्हणते, “अगं, तेव्हा तुझे बाबा म्हणत होते ना, नंतर घालू नाव!”

चौथ्या खेपेला रजिस्टर निघालं. हिरव्या कापडात बांधलेलं, कोपरे कुरतडलेले. कर्मचारी बाईंनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि २०१२ च्या त्या पानावर निळ्या शाईची माझ्या नावाची ओळ दिसली. पुढचा रकाना पांढराशुभ्र. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते मला आजही सांगता येणार नाही. बाई म्हणाल्या, “पंधरा वर्षांच्या आत आलात, बरं झालं.” पहिल्या वर्षात नाव फुकट घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून. म्हणजे आमच्या हातात दोन वर्षं उरली होती.

नवा दाखला हातात आला आणि नावातला इंग्रजी ‘एच’ गळालेला. पासपोर्टशी जुळेना. पुन्हा खिडकी, पुन्हा सर्व्हर डाऊन. म्हणून सांगते, खिडकी सोडण्याआधी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मागे रांग ओरडली तर ओरडू द्या. मी दुसऱ्यांदा तसंच वाचलं, सावकाश, मुद्दाम.

मग विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, बोटांचे ठसे. व्हिसा आठवडाभरात हातात. त्याचं काही सांगण्यासारखं नाही.

आम्ही दुबईमार्गे गेलो. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी आधी पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी करा, कारण तिचं प्रमाणपत्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. जोहान्सबर्गच्या काउंटरवर मी फाईल छातीशी धरून उभी. अधिकाऱ्यानं तिघांचे पासपोर्ट पाहिले, शिक्का मारला, संपलं. दाखल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ह्यांना हसू आलं, मला नाही.

अपिंग्टन शहराहून उद्यानाच्या फाटकापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. पुढे औब नदीच्या कोरड्या पात्रात कामक्वा नावाची जागा आहे, तिथून लॉजच्या माणसांनी आम्हाला त्यांच्या गाडीत घेतलं. वाटेत लाल वाळूच्या एक्क्याण्णव टेकड्या. लेक मोजत होती, चाळिशीनंतर चुकली. बाभळीसारख्या झाडांवर सुगरणीच्या जातीच्या पक्ष्यांची सामाईक घरटी होती, कडब्याची गंजी उचलून फांदीवर ठेवावी एवढी. ताडोब्यात एका वाघाभोवती पंधरा जिप्सी बघायची सवय असलेल्या आम्हाला इथे दिवसभरात दुसरी गाडी दिसली नाही. सिंहही दिसला नाही, फक्त पाऊल दिसलं. सान वाटाड्यानं लेकीला बसवून, वाळूची कड ढासळलीय की नाही यावरून ते रात्रीचं की सकाळचं, हे ओळखायला शिकवलं. परतताना ती दुसऱ्या ठशांवर स्वतःच वाकून बसली होती.

मेमध्ये नागपूर भट्टीसारखं तापलेलं, तिथे मात्र रात्री दात वाजत होते. स्वेटर न्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, आम्ही आठवड्याआधी कळवलं आणि पहिल्या रात्री बटाटेच खाल्ले.

आणि हो, व्हिसाचा अर्ज काळ्या शाईनं भरा. आमचा पहिला निळ्या पेननं भरलेला होता, तोही बदलावा लागला.