तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा सुपीक बर्मा कंगाल कसा झाला?

डाळींच्या दलालीत असल्यामुळे माझ्या तोंडी दिवसभर बर्मा, म्हणजे आताचा म्यानमार, असतो. तिथून येणाऱ्या तुरीला बाजारात 'लेमन' म्हणतात. लेमन काय भावाने निघाली हे ऐकल्याशिवाय लातूरचा व्यापारीही सौदा पक्का करत नाही. मग चहा पिता पिता कुणीतरी विचारतंच, "अहो, माणकं आहेत, सागवान आहे, एवढा तांदूळ पिकतो, मग हा देश भिकेला का लागला?"

लष्करामुळे, असं सांगून मोकळं होता येतं. पण मुळात 'पूर्वी श्रीमंत होता' इथेच माझी हरकत आहे. थिबा राजाला १८८५ मध्ये इंग्रजांनी गादीवरून उतरवलं आणि पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं, हे आपल्याला ठाऊक असतं. इरावती नदीच्या मुखाकडचा भाग मात्र त्याआधीच, १८५२ मध्ये, त्यांनी घेतला होता. तिथलं जंगल तोडून भातखाचरं झाली. दुसऱ्या महायुद्धाआधी वर्षाला तीस लाख टनांच्या आसपास तांदूळ बाहेर जायचा, जगात सर्वांत जास्त. पण मलई गेली गिरणीवाल्या युरोपियन कंपन्यांकडे आणि कर्ज देणाऱ्या चेट्टियार सावकारांकडे. १९३० च्या मंदीत भाव कोसळले, कर्जं थकली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिथली जवळजवळ पाव भातजमीन चेट्टियारांच्या नावावर चढली होती. देश श्रीमंत, कूळ कर्जात.

१९४८ ला स्वातंत्र्य मिळालं. सावकार गेला, पण सरकारच एकमेव गिऱ्हाईक झालं. शेतकऱ्याकडून ठरावीक स्वस्त दराने भात घ्यायचं, बाहेर महाग विकायचं आणि मधला फरक तिजोरीत. २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली, तेव्हा तर दुकानंही सरकारजमा झाली. लाखो भारतीय परतले, कित्येकांना अंगावरचं सोनंही तिथेच उतरवून ठेवावं लागलं. भाव मिळेना म्हणून शेतकऱ्याने हात आखडता घेतला आणि निर्यात आटत गेली.

१९८७ चा सप्टेंबर तर ऐकण्यासारखा आहे. १ तारखेला सरकारने धान्याचा व्यापार खुला केला. इतक्या वर्षांनी! व्यापारी खरेदीसाठी रोकड जमवू लागले. ५ तारखेला २५, ३५ आणि ७५ क्याटच्या (क्याट म्हणजे तिथलं चलन) नोटा रद्द. बदलून मिळणार नाहीत, भरपाई नाही. चलनातला निम्म्याहून जास्त पैसा एका दिवसात रद्दी झाला. नंतर नव्या नोटा आल्या त्या ४५ आणि ९० च्या. नऊने भाग जाणाऱ्या, कारण जनरलसाहेबांना नऊ आकडा शुभ वाटायचा, असं सांगतात. (४५ च्या नोटेतून बारा क्याटची भाजी घेतल्यावर सुटे किती, हे रोज मांडत बसणाऱ्या भाजीवालीची मला फार दया येते.) त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी या देशाला अतिमागास देशांच्या यादीत घातलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले.

आता माझ्या धंद्याचा भाग. उठाव चिरडून आलेल्या नव्या लष्करशहांनी तांदळावरची पकड सोडली नाही, पण कडधान्यांकडे दुर्लक्ष केलं. भात निघालं की त्याच ओलीवर उडीद, मधल्या कोरड्या पट्ट्यात तूर. लेव्ही, म्हणजे सरकारला सक्तीने माल देणं, नाही, खरेदीदार खाजगी, गिऱ्हाईक भारत. दहा-पंधरा वर्षांत कडधान्यांनी तांदळाला मागे टाकलं. माती तीच, शेतकरी तोच. फक्त सरकारचा हात त्यात नव्हता. 'बर्मी माणूस आळशी' असं कुणी म्हणालं की मी हेच पुढे करतो.

अर्थात एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत त्यांनी मोजली. इकडे तूर उदंड झाली, दर पडले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने आयातीवर मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण तिकडे भाव धाडकन पडले. पुढे २०२१ मध्ये वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचा करार झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुन्हा लष्कर आलं होतं. २०२२ मध्ये निर्यातदारांवर सक्ती झाली, मिळालेल्या डॉलरमधला मोठा हिस्सा २,१०० क्याटच्या सरकारी दराने मोडा. बाहेर त्याच डॉलरला कितीतरी जास्त मिळत होते. हा फरक कापला जातो तो शेवटी शेतकऱ्याच्या भावातूनच. म्हणून यांगूनला फोन लावला की आम्ही तुरीच्या आधी डॉलर विचारतो, आणि तोही सरकारी नव्हे.