वाढपी, पंगत आणि सात लॉट

शिकागोजवळ राहतो आणि फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे करार) लोकांचे पैसे चालवतो असं सांगितलं की समोरचा एकतर टिप मागतो नाहीतर दोन पावलं मागे सरकतो. दोघांचंही बरोबर आहे म्हणा. पण माझं काम खरं तर फार कंटाळवाणं आहे. सध्या नऊ खाती आहेत, आणि ट्रेड काय घ्यायचा यात माझा दिवसातला जेमतेम अर्धा तास जातो, बाकीचा वेळ तो ट्रेड नऊ जणांत कसा वाटायचा यातच जातो.

आधी हे सांगतो की पैसे माझ्याकडे येत नाहीत. प्रत्येकाचं खातं त्याच्याच नावाने ब्रोकरकडे असतं, मला फक्त ट्रेड करण्यापुरती पॉवर ऑफ अॅटर्नी असते, पैसे काढून स्वतःकडे वळवता येत नाहीत. त्यासाठी सिरीज ३ ही फ्युचर्सवाल्यांची परीक्षा, सीएफटीसीकडे (फ्युचर्सवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी, एनएफएचं (या धंद्याची स्वतःची नियामक संघटना) सदस्यत्व, आणि धोके नि फी सांगणारं एक जाडजूड डिस्क्लोजर डॉक्युमेंट जे माझ्या अंदाजाने नऊपैकी दोघांनीच वाचलंय. सांगलीहून आतेभाऊ विचारतो, आमचं पण चालव की रे. त्याला दरवेळी तेच सांगतो, बाबा तिकडे सेबीचे नियम वेगळे आहेत, पीएमएसला, म्हणजे लोकांचे पैसे सांभाळायच्या सेवेला, कमीत कमी ५० लाख लागतात आणि फ्युचर्ससारखे डेरिव्हेटिव्ह्ज उसन्या पैशांच्या जोरावर चालवता येत नाहीत, आणि कुणी म्हणालं की लॉगिन-पासवर्ड दे मी बघतो, तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव.

तर वाटप. समजा एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाचं ई-मिनी नावाचं फ्युचर्स ५२१० ला आहे. एका पॉइंटला ५० डॉलर, म्हणजे एक लॉट (एक करार) झाला दोन लाख साठ हजार डॉलरचा. मोठ्या खात्याला ठीक आहे, पण साठ हजारवाल्याला एक लॉट म्हणजे चमचाभर भाजीऐवजी अख्खं पातेलंच पानात पालथं केल्यासारखं. २०१९ च्या मे महिन्यात त्याचेच छोटे करार, मायक्रो, आले, पॉइंटला ५ डॉलरवाले, तेव्हा खरं लहान खात्यांचं काम सुरळीत झालं. तरी सव्वादोन लॉटचं गणित आलं की दोन द्यायचे का तीन हा प्रश्न राहतोच, आणि दरवेळी खालीच धरलं तर लहान खातं कायम अर्धपोटी.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर टाकायचो (तेच बरोबर आहे, खातं खातं वेगळं टाकलं तर आपणच आपल्याशी स्पर्धा करतो) आणि लॉट ज्या भावाने मिळतील तसे खात्यांच्या शीटमधल्या क्रमाने वाटायचो. सात लॉट घेतले, चार ५२१०.२५ ला मिळाले, तीन ५२१०.७५ ला, तर वरच्या ओळींना पहिले चार, खालच्यांना उरलेले. मनात काही पाप नव्हतं, शीट जसं बनत गेलं तसा क्रम पडला होता. पहिल्या ओळीत मेहुणा, कारण पहिला क्लायंट तोच, आणि शेवटच्या ओळीत एक रिटायर्ड काका, ते सगळ्यात उशिरा आले म्हणून.

चार महिन्यांनी एका रविवारी निवांत बसलो होतो (रविवारी संध्याकाळी ५ ला मार्केट उघडतं, त्यामुळे मंडळाचा एकही कार्यक्रम मी शेवटपर्यंत पाहिलेला नाही) तर दिसलं की मेहुण्याला जवळजवळ प्रत्येक वेळी चांगला भाव मिळालाय. आधी वाटलं योगायोग असेल. मग डोक्यात प्रकाश पडला की मी ट्रेंडच्या मागे जाणारा माणूस, भाव वर जात असताना घेतो आणि पडत असताना विकतो, म्हणजे पहिले मिळालेले लॉट बहुतेक वेळा स्वस्तच असणार आणि विकताना महागच असणार! क्रम कायम ठेवला की फायदाही कायम त्याच ओळीला. नियम हेच सांगतो की वाटप त्याच दिवशी, न्याय्य, आणि कुठल्याही एका खात्याला सातत्याने झुकतं माप नको. मी फक्त मुद्दाम लबाडी करणाऱ्यांचा विचार केला होता, जे संध्याकाळी फायद्यातले ट्रेड लाडक्या खात्यात टाकतात. शीटच लबाडी करेल हे लक्षातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रोकरला सांगून सरासरी भाव सुरू केला, म्हणजे त्या सात लॉटचा भाव सगळ्यांना ५२१०.४६ च्या आसपास, एकच. मागचा फरक काढला, काकांचे ३४० डॉलर जात होते, इतरांचे कमी, सगळे माझ्या फीमधून वळते केले आणि सगळ्यांना लेखी कळवलं. मेहुणा म्हणाला, अरे मला कशाला सांगितलंस.

फीचंही असंच त्रांगडं आहे. फायद्याच्या २० टक्के, पण आधीचा उच्चांक ओलांडला तरच. एकाचं एक लाखाचं एक लाख बारा हजार झालं, त्याने फी दिली, मग एक लाख चारवर आलं, तेव्हा त्याचा मित्र एक लाख चार घेऊन आला. परत एक लाख बारा झालं तेव्हा जुन्याला फी शून्य आणि नव्याला १६०० डॉलर. दोघे एकाच गणपतीला शेजारी जेवायला बसलेले, आणि समोर मी. त्या दिवशी मी मोदक उभ्यानेच खाल्ला.

काकांचा फोन मात्र पत्र मिळाल्याच्या संध्याकाळीच आला होता. म्हणाले, "वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पानावर बसलं तरी चालतं असं ऐकत आलो रे आजवर, तू तर ओळखीचा असून उपाशी ठेवलंस." मग मोठ्याने हसले. खातं त्यांनी काढलं नाही, पण आता स्टेटमेंट आलं की पहिला फोन त्यांचाच असतो, मेहुण्याला काय भाव पडला म्हणून.