कोरड्या मनाने नाशिकरोडपर्यंत

फेब्रुवारी जवळ आला की आमच्या संगमनेर-श्रीरामपूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांत एकच चौकशी सुरू होते, "बाळ येशूला कधी निघायचं?" नाशिकरोडला, नाशिक-पुणे रस्त्यालगत, येशूसंघीय (जेझुइट) फादरांचं बाळ येशू मंदिर आहे. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते. वसई, मुंबई, गोव्याकडून गाड्या भरभरून लोक येतात. आमच्याकडचे बहुतेक जण एसटीने नाहीतर जीप ठरवून जातात, थोडे जण पायी. यंदा मी पायी गेले.

हे लिहितेय ते प्रार्थना करून करून थकलेल्यांसाठी. उत्तर मिळालेल्यांच्या साक्षी आपण पुष्कळ ऐकतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला. त्या ऐकून मला आनंद होतो, मनापासून होतो. पण उत्तर न मिळताही वर्षानुवर्षं गुडघे टेकत राहिलेल्या माणसाला कुणी माइकवर बोलावत नाही. मला वाटतं, धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या मंडळीत, अशी माणसंच जास्त असतात.

माझा धाकटा भाऊ दारू पितो. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. त्याच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, केले, शुक्रवारचे उपास धरले, हरेगावला मतमाउलीपुढे, म्हणजे मारियामातेपुढे, रडून आले. मधे मधे तो सोडायचा. महिना-दोन महिने घरात हसणं-बोलणं सुरू व्हायचं, आई देवाचे आभार मानून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे फादरांची उपासना, सांगायची, आणि मग एका संध्याकाळी फाटक वाजण्याच्या आवाजावरूनच कळायचं. गेल्या पावसाळ्यापासून माझं आत काहीतरी बंदच पडलं. जपमाळ हातात घ्यायची, मणी सरकायचे, पण मन जागचं हलायचं नाही. देवाचा राग आला होता असंही नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागावायला निदान समोर कुणीतरी लागतं.

आमच्यात एक मावशी आहेत, पायी यात्रेच्या पुढारी. त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "मन न्हाई लागत तर ऱ्हाऊ दे. पाय तर चालत्यात ना? चल मग."

संगमनेरहून नाशिकरोड साठ-पासष्ट किलोमीटर. सकाळची मिस्सा झाली आणि आम्ही निघालो. घुलेवाडी मागे पडली, कऱ्हे घाट चढलो, तोवर ऊन चांगलंच तापलं होतं. फेब्रुवारीत इकडे पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी डोक्यावर ओला रुमाल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याची काढणी चाललेली, बाया रांगेने बसून पात कापत होत्या, आणि मैलोन्‌मैल तोच उग्र वास. नांदूर शिंगोट्याच्या अलीकडे एका वस्तीवरच्या बाबांनी हात करून थांबवलं. "पौषवारी तर होऊन गेली. ही आता कुठली दिंडी?" त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या दिंड्या जानेवारीच्या सुमाराला याच रस्त्याने जातात, त्यांना वाटलं आम्ही मागे राहिलेले. मावशी म्हणाल्या, "बाळ येशूची दिंडी, बाबा. नाशिकरोडला चाललो." बाबा म्हणाले, "बरं बरं. देवाचंच आहे. चहा घ्या." त्यांच्या सुनेने ज्या सवयीने पातेलं चढवलं त्यावरून कळत होतं, या घराला पायी चालणारी माणसं नवी नाहीत. या रस्त्याची ही पुण्याई फार मोठी आहे आणि आम्हाला तिचा वाटा मिळाला, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

चालताना जपमाळ अखंड चालते. पद्धत अशी की एकजण "नमो मारिया, कृपापूर्णे" असा पहिला अर्धा भाग म्हणतो आणि बाकीचे दुसरा, "आता आणि मरणाच्या वेळी आम्हासाठी विनंती कर" इथपर्यंत. हायवेवर ट्रक गेला की मधलं सगळं वाहून जातं. पुढारी काय म्हणाली ते मागच्यांना ऐकूच येत नाही, तरी ते अंदाजाने आपला भाग उचलतात. पहिल्या दुपारी माझा आवाज कुठेतरी थांबला, मला कळलंही नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी गप्प आहे आणि प्रार्थना चालूच आहे. माझ्या वाटचा भाग माझ्यामागच्या मुली म्हणत होत्या. लहानपणापासून ही माळ ओढतेय, पण घरी एकटीने म्हणताना दोन्ही अर्धे आपल्यालाच म्हणावे लागतात. इथे माझा अर्धा दुसऱ्यांनी उचलला होता, आणि त्यांना माझ्या भावाचं नावही ठाऊक नव्हतं.

रात्री मुक्कामाला माझ्या टाचेवर रुपयाएवढा फोड आलेला. मावशींनी सुई तापवली, पांढरा दोरा ओवला, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून दोरा कापला. कातडं सोलायचं नाही. दोऱ्यावाटे पाणी आपोआप निथळतं आणि सकाळी चालता येतं. हे करता करता, मान खाली घालून, त्या आपल्या मुलाविषयी बोलल्या. कामाला म्हणून सुरतेकडे गेला, सुरुवातीला फोन यायचा, मग तो बंद झाला. पोलिसांत देऊन झालं, ओळखीपाळखीच्यांकडून शोध घेऊन झाला. तेव्हापासून त्या दरवर्षी ही वाट चालतात. मी विचारलं, "मावशी, कधी वाटत नाही का, ऐकतच नाही म्हणून?" त्या म्हणाल्या, "वाटतं की. लई वाटतं. रडू आलं तर रडायचं, न्हाई आलं तर नुसतं म्हणायचं. हाक मारायचं काम आपलं. ते आपण टाकलं तर त्या पोराला हाक मारणारं ऱ्हातं कोण?"

दुसऱ्या दिवशी दोडी, गोंदे करत सिन्नर गाठलं. त्या दिवसाचं सांगण्यासारखं फारसं नाही. पाय दुखले, समृद्धी महामार्गाच्या गोंद्याजवळच्या पुलाच्या सावलीत आम्ही भाकरी खाल्ली, आणि एका तरुणाने बाटल्यांचं खोकं आणून दिलं.

सिन्नरला रात्री आमच्याबरोबर चाललेले फादर थोडं बोलले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांचं त्यांनी सांगितलं. 1522 साली मनरेसा गावी ते स्वतः अशा काळोखातून गेले होते, जीव नकोसा होईपर्यंत. पुढे त्यांनी 'आध्यात्मिक साधना' या आपल्या पुस्तकात जे नियम लिहून ठेवले त्यातला एक असा: मन उजाड असताना कोणताही निर्णय बदलायचा नाही. मन भरलेलं असताना जे ठरवलं होतं तेच धरून राहायचं. दुसरा नियम मला जास्त भिडला. प्रार्थना नकोशी वाटत असेल तेव्हा ठरलेल्या तासापेक्षा थोडा वेळ जास्तच बसायचं. आपल्याला सगळीकडून उलट सांगितलं जातं ना, की मन लागत नसेल तर उगाच कशाला. इग्नाती म्हणतात, त्याच वेळी उठू नकोस.

मग फादर अविलाच्या संत तेरेजाकडे वळले. प्रार्थनेच्या गुरू म्हणून सगळी ख्रिस्तसभा जिच्याकडे पाहते, त्या सोळाव्या शतकातल्या बाईने स्वतः लिहिलंय की कित्येक वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतोय आणि घड्याळाचा टोला कधी पडतोय याकडे असायचं. हे ऐकून माझ्या शेजारची मुलगी एकदम म्हणाली, "म्हणजे तिलाही?" मलाही अगदी तेच विचारायचं होतं. तेरेजाने ती वर्षं वाया गेली म्हणून पुसून टाकली नाहीत. टोल्याची वाट पाहत का होईना, ती तिथे बसून राहिली.

शेवटचा दिवस शुक्रवार होता, म्हणून जपमाळेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखभोगाचे प्रसंग. माळेगावची एमआयडीसी ओलांडून मोहदरी घाट उतरायला लागलो. चढ परवडला, उतारावर सगळा भार बोटांवर येतो आणि नखं बुटाला ठेचतात. पहिलं रहस्य गेथशेमाने बागेतलं, अटकेच्या रात्री येशूने केलेल्या प्रार्थनेचं. हे मी शेकडो वेळा ऐकलंय, पण त्या उतारावर मत्तयाच्या शुभवर्तमानातली एक ओळ अचानक समोर उभी राहिली: येशूने तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द. देवाच्या पुत्राजवळही त्या रात्री नवे शब्द नव्हते. आणि टळावा म्हणून मागितलेला दुःखाचा प्याला तर टळला नाहीच. मला तिथे रडू आलं, पुष्कळ महिन्यांनी. मावशींनी वळून पाहिलं आणि पुढचा मणी घेतला.

मला लूकच्या अठराव्या अध्यायातल्या विधवेच्या दाखल्याविषयी एक बोलायचंय. अन्यायी न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते आणि शेवटी तो कंटाळून न्याय देतो. प्रवचनात हे अशा थाटात सांगितलं जातं की चिकाटी धरली की काम झालंच. पण येशूने हा दाखला का सांगितला ते लूक आधीच लिहितो: त्यांनी सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून. म्हणजे माणसं खचणार, उत्तराला उशीर होणार, हे त्याने गृहीतच धरलंय. आणि दाखल्याचा शेवट न्याय मिळाल्यावर होत नाही. शेवटी येशूच विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? त्याला काळजी कसली आहे ते बघा. विधवा दार वाजवणं सोडून देईल, ही.

शिंदे, पळसे या पट्ट्यात पोरं कंटाळली तेव्हा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली. टाळ होते, एक ढोलकी होती, आणि रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते की अभंगाची चाल आहे आणि नाव ख्रिस्ताचं. टिळकांचा या भागाशी जुना ऋणानुबंध. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या माउलीवर आभाळ कोसळलं, संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. मधली वर्षं त्या दोघांनी कशी काढली असतील हा विचार मी गाता गाता करत होते. आपण नुसती शेवटची तारीख लक्षात ठेवतो.

चेहेडीला दारणेचा पूल ओलांडला, सिन्नर फाटा, बिटको चौक, आणि मग गर्दीच गर्दी. मेणबत्त्या, हार, उसाचा रस, कोकणी, मराठी, इंग्रजी सगळं एकात एक. रांगेत दोन तास तरी गेले असतील. तिथे उभी असताना मला या मूर्तीच्या मूळ रूपाची गोष्ट आठवत होती, प्रागमधल्या बाळ येशूची. 1628 मध्ये एका सरदार घराण्यातल्या स्त्रीने ती तिथल्या कार्मेल मठाला दिली, म्हणजे तेरेजाच्याच संघाला. 1631 मध्ये सॅक्सन फौजा शहरात शिरल्या, मठ लुटला गेला आणि मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडली. हात तुटले. 1637 मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली. परंपरा सांगते की त्या तुटक्या मूर्तीपुढे प्रार्थना करताना त्यांना शब्द ऐकू आले: माझ्यावर दया कर म्हणजे मी तुझ्यावर दया करीन, मला माझे हात दे. हात बसवायला मठात पैसा नव्हता. सिरिल मागत राहिले, नकार ऐकत राहिले, पुन्हा त्याच मूर्तीपुढे जाऊन बसत राहिले. बिनहातांच्या देवापुढे बसून मागणं! मी आजवर या गोष्टीतला चमत्कारच पाहत आले होते. त्या रांगेत मला सिरिलचं ते बसणं दिसलं.

पुढे पोचल्यावर खूप काही बोलायचं ठरवलं होतं. स्वयंसेवक "चला, पुढे चला" करत होते. मी भावाचं नाव घेतलं, एकदाच, आणि पुढे सरकले.

परत आले तेव्हा भाऊ घरात होता आणि प्यायलेला होता. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. रात्री आठची जपमाळ आम्ही दोघींनी म्हटली, आई पहिला अर्धा भाग, मी दुसरा. इग्नातींचं मानून हल्ली संपल्यावर लगेच उठत नाही, थोडा वेळ तशीच बसते. कधी काही जाणवतं, बहुतेक वेळा नाही. आठवड्यातून दोनदा मावशी फोनवर असतात, स्पीकर लावून ठेवतो.

पुढच्या फेब्रुवारीत संगमनेरहून कुणाला यायचं असेल तर नव्या चपला-बूट घालून येऊ नका, आधी महिनाभर वापरून पायाला बसवा. सुती मोज्यांचे दोन जोड घ्या आणि कऱ्हे घाटाआधी पाणी भरून घ्या. सुई-दोरा मावशींकडे असतोच. आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करून तुम्ही थकला आहात त्याचं नाव निघतानाच मावशींना सांगा. घाट चढताना त्या सगळ्यांची नावं एकेक करून घेतात, आणि त्यांच्या तोंडून एकही नाव सुटलेलं मी ऐकलेलं नाही.