अंचान
१२ मे, रविवार. रात्री पावणेबारा.

दुपारची झोप सोडून आज 'हितोत्सु याने नो शिता'चे तीन भाग पाहिले. १९९३ची जपानी मालिका. नावाचा अर्थ 'एका छपराखाली'. आईवडील अपघातात गेल्यावर कशिवागींची सहा भावंडं पांगतात. कुणी दत्तक जातं, कुणी संस्थेत, एक तर सुधारगृहात. थोरला तात्सुया, एकेकाळचा मॅरेथॉन धावपटू, काही वर्षांनी टोकियोत येतो आणि एकेकाला हुडकून घरी आणायला लागतो. पोटापाण्याला लाँड्री. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत हे सगळं खटलं ओढायचं.

लेखक नोजिमा शिंजी यांनी रडवायचं कंत्राटच घेतलंय. एक संकट सरत नाही तोवर दुसरं दारात हजर. पण जपानात सोमवारी रात्री ९ वाजता माणसं टीव्हीसमोरून हलत नसणार. एका भागाला ३७.८ टक्के प्रेक्षकसंख्या मिळाली होती, आणि फुजी टीव्हीच्या मालिकांमधला तो उच्चांक अजून मोडलेला नाही. शीर्षकगीत १९७५चं जुनंच, 'निवडुंगाचं फूल'. मालिकेमुळे ते पुन्हा वर आलं. संध्याकाळी भांडी घासताना मी तेच गुणगुणत होतो. शब्द एक कळत नाही.

तात्सुयाला भावंडं नावानं हाक मारत नाहीत, 'अंचान' म्हणतात. आणि दोन नंबरच्या मासायाला 'ची-निइचान', म्हणजे छोटा दादा. इंग्रजी सबटायटलवाल्यानं दोन्हींचा चुराडा करून नुसतं तात्सुया आणि मासाया ठेवलंय. ऐकू एक येतं, वाचायला दुसरंच. आपल्याकडे शब्द आयता होता की! चाकाच्या खुर्चीतला धाकटा फुमिया 'अंचान' म्हणतो तेव्हा तो 'दादा'च म्हणत असतो.

एगुची योसुके या नटानं रंगवलेला हा दादा लांब केसांचा, मोठ्या आवाजाचा, ऊठसूट मिठ्या मारणारा. कुणी जरा वाकडं वागलं की विचारणार, 'त्यात प्रेम आहे का?' खरं सांगायचं तर पहिल्या भागात मला तो नकोसा झाला. माझं सगळं लक्ष मासायाकडे. ते काम फुकुयामा मासाहारूचं. डॉक्टरच्या घरी दत्तक गेलेला, स्वतःही डॉक्टरकी शिकणारा, इस्त्रीची घडी न मोडलेला. त्याला कुणी हुडकायला नको आहे. दादा दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नसतो, अवघडलेपण असतं. ते मला ओळखीचं आहे.

मला नवव्या वर्षी मावशीकडे पुण्याला शिकायला ठेवलं. दादा चिपळूणजवळच्या घरीच राहिला. वाईट कुणी वागलं नाही. मावशीनं तर जास्तच लाड केले. पण मे महिन्यात दादा एसटी स्टँडवर न्यायला यायचा आणि माझी बॅग ओढून घ्यायचा, तेव्हा मला लाज वाटायची. त्याच्या पायांत रबरी चपला, आणि मोठ्यानं हाक मारायची सवय. अख्ख्या स्टँडला कळायचं की मी आलोय. मी हाक ऐकू न आल्यासारखं करायचो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याला कळत असणारच.

तिसऱ्या भागाच्या मध्येच त्याचा फोन आला. रविवारी येतोच. मी वाजू दिला. भाग संपल्यावर पाच मिनिटं उगाच बाल्कनीत घालवली आणि मग उलटा लावला.

'शाकारणी काढलीय,' म्हणाला. 'पडवीवरची कौलं पार गेली. पत्रा घालू का? की कौलंच ठेवू?'

त्या पडवीत मी शेवटचा कधी झोपलो, आठवत नाही. म्हटलं, 'मला काय विचारतोस? तू राहतोस तिथे.'

'मग कुणाला विचारू?'

मी कौलंच ठेव म्हणालो. तर म्हणे, महाग पडतात रे, आणि माणसं मिळत नाहीत. वर ही माकडं, परवा एकानं नव्या कौलावर बसकण मारली आणि सरळ आत, तांदळाच्या डब्यावर. मग त्या माकडाचं पुराण वीस मिनिटं चाललं. वहिनीनं झाडू कसा उगारला, ते उलट तिच्यावरच कसं दात विचकत होतं, सगळं साग्रसंगीत.

शेवटी पडवीला पत्रा आणि माजघरावर कौलं असं ठरलं. निम्मे पैसे मी पाठवतो म्हटलं, तर त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.