भरावाचं वय नको, पाण्याची पातळी सांगा

“भराव जुना आहे, बसायचा तेवढा बसलाय. आता बांधकामाला हरकत नाही.” बंद पडलेल्या खुल्या कोळसा खाणीचा खड्डा माती-दगडाने भरून केलेल्या जागेबद्दलचं हे वाक्य आज ऐकलं आणि दिवसभर खुपत राहिलं.

खाण चालू असते तेव्हा पंप सतत पाणी उपसत असतात. त्यामुळे भराव पडतो तो कोरड्या खड्ड्यात. शेल (चिखलापासून बनलेला थरांचा खडक) आणि चिकणमातीची ढेकळं, मधे पोकळ्या. वरून सगळं टणक वाटतं. पंप बंद झाले की भूजल वर चढू लागतं, ढेकळं भिजून मऊ पडतात, पोकळ्या मिटतात. वर विटेचाही बोजा नसताना जमीन खचते. भिजलेला थर 30 मीटरचा असेल आणि तो एक टक्का जरी दबला, तरी 30 सेंटिमीटर गेले!

सगळ्यात वाईट जागा खाणीच्या जुन्या कड्यावरची. अर्धा पाया पक्क्या खडकावर, अर्धा भरावावर. भिंत तिरकी तडकणारच. तो कडा आधी बोअर घेऊन नकाशावर पक्का करा आणि तिथे रस्ता किंवा बाग ठेवा.

पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायची नळी) बसवा, निरनिराळ्या खोलीवरचं खचणं मोजा. निदान पाणी स्थिरावेपर्यंत थांबा.

आणि कृपा करून पावसाचं पाणी जिरवायला शोषखड्डे भरावात घेऊ नका. भूजल खाली असलं तरी भराव खचायला तेवढं पाणी पुरतं. नळ्या टाकून ते भरावाबाहेर काढा.

तुमच्याकडच्या अशा जागेवर पंप कधी बंद झाले, याची नोंद आहे का कुणाकडे?