पंधरा दिवसांचा नियम

शेवटच्या दुखण्यातल्या पेशंटना घरी जाऊन बघणारी नर्स आहे मी. बेळगाव, खानापूर, निपाणी हा माझा पट्टा. घरच्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप चालवते. नियम दोनच: डोस कुणी कुणाला सांगायचा नाही, आणि माणूस गेलं की पंधरा दिवसांनी घरच्यांना ग्रुपमधून काढायचं. दुसरा नियम माझा.

ग्रुपवर बहुतेक सगळं बोलूनच. आम्हाला मिळणारी माहितीपत्रकं कन्नड नाहीतर इंग्रजी. वरच्यांना सांगून तोंड दुखलं.

त्या रात्री २.१० ला जांबोटीकडच्या एका सुनेचा आवाज आला, मागे घरघर. "सिस्टर, आत्याबाईंच्या घशात पाणी अडकल्यागत वाजतंय, काय करू ओ?"

मी झोपले होते. उत्तर दिलं निपाणीच्या बाईनं. नवरा तोंडाच्या कॅन्सरनं जाऊन महिना झालेला, नाव काढायचं माझ्याकडून राहिलेलं. "घाबरू नको. कुशीवर वळव, पाठीला उशी लाव. पाणी पाजू नको, ओल्या फडक्यानं ओठ तेवढे पूस. आपल्याला ऐकवत नाही, त्यांना तेवढा त्रास नसतोय." तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून मीच शिकवलेलं, शब्दन् शब्द. ऐकताना ऊर भरून आला. आणि पुढं, "मॉर्फिनच्या दोन गोळ्या दे, आम्ही देत होतो."

तिच्या नवऱ्याचा डोस आठवड्या-आठवड्यानं वाढवत नेलेला. या आजींची किडनी थकलेली. अशा शरीरात मॉर्फिन साचत जातं, म्हणून १० मिलिग्रॅमची अर्धीच गोळी चालू होती. दोन म्हणजे चौपट.

पाचला उठून ऐकलं आणि हातपाय गार पडले. त्या बाजूला रेंज म्हणजे नशीब. फोन लागला तेव्हा आजी गेल्या होत्या, कुशीवरच.

"गोळ्या दिल्या?"

"नाही ओ. तुम्ही सांगितल्याबिगर कशा देऊ?" जरा थांबून म्हणाली, "दिल्या असत्या तर सुखानं गेल्या असत्या काय?"

काहीतरी बोलले. काय, ते आठवत नाही.

तो मेसेज डिलीट केला, निपाणीला फोन करून रागावले. ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, रात्री तुमचा फोन कुठं लागतोय?" खरं होतं. मी एकटी, रात्रपाळीला दुसरं कुणी द्या म्हणून दोनदा अर्ज दिलाय.

उरलेल्या गोळ्या परत घ्यायला गेले. अकरा आणि एक अर्धी. वहीत सही करता करता सुनेनं विचारलं, "ती निपाणीची बाई कोण ओ? बाराव्याला बोलवायची होती."